जिवाला घोर

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहाव्या दिवशी ती सांगलीला घरी आली. जिना चढायचा नाही म्हणून वहिनीनं पुढच्या खोलीतच पलंग टाकला, उशाशी औषधांचा स्टीलचा डबा ठेवला. पहिल्या दोन रात्री आत्या कण्हत होती. कूस बदलता येत नव्हती, पाय ठणकत होता, आणि तिच्याबरोबर सगळं घर जागं होतं. तिसऱ्या रात्री साडेदहाला तिचं घोरणं सुरू झालं. मोठं, खर्जातलं घोरणं. आम्ही सगळे हायसं वाटून आपापल्या अंथरुणाकडे गेलो. दिवा मालवताना दादा दबक्या आवाजात म्हणाला, झोपू दे, किती दिवसांनी लागलीये.

पहाटे साडेचारला वहिनी पाणी प्यायला उठली. घोरणं चालू होतं, पण त्याची लय मोडली होती. एक घरघर, मग शांतता. ती शांतता इतकी लांबायची की वहिनी तिथंच थबकली. मग गळ्यात पाणी अडकल्यासारखा आवाज, आणि पुन्हा शांतता. तिनं हाक मारली, "आई! अहो आई!" खांदा हलवला. आत्यानं डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. वहिनीनं १०८ ला फोन लावला. गाडी आली, ऑक्सिजन लागला, दवाखान्यात इंजेक्शनं झाली, आणि दुपारपर्यंत आत्या बोलायला लागली.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो झोपेच्या गोळीबद्दल. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आत्या रात्री एक गोळी घेते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा घरच्या डॉक्टरांनी दिलेली, अल्प्राझोलॅम, अर्धा मिलिग्रॅम. ऑपरेशनच्या आधी भरलेल्या कागदावर 'चालू औषधे' या रकान्यात बीपीची गोळी होती, थायरॉईडची होती. ही नव्हती. आत्यानं लपवली नव्हती. तिच्या लेखी ते औषधच नव्हतं. रात्रीच्या कपभर दुधासारखी ती सवय होती. आणि दुखण्यासाठी दवाखान्यातून दिलेल्या गोळीत ट्रॅमाडॉल होतं. ट्रॅमाडॉल अफूच्या कुळातलं औषध आहे, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

हा लेख त्या अज्ञानातून लिहिला आहे. आत्या वाचली म्हणून लिहिता आला.

◆

२२ जानेवारी २००८ च्या दुपारी न्यूयॉर्कमधल्या सोहो भागातल्या एका फ्लॅटमध्ये हीथ लेजर हा २८ वर्षांचा ऑस्ट्रेलियन नट मृतावस्थेत सापडला. 'द डार्क नाइट'मधला त्याचा जोकर जगानं पाहिला तो त्यानंतर सहा महिन्यांनी. त्याच्या मृत्यूबद्दल तेव्हा पुष्कळ वावड्या उठल्या. पण त्या दिवसाच्या हकिकतीतला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं की दुपारी एकच्या सुमारास घरकाम करणारी बाई दिवा बदलायला त्याच्या खोलीत गेली होती. तो पलंगावर पालथा झोपला होता आणि घोरत होता. ती दिवा बदलून बाहेर आली. झोपलेल्या माणसाला कोण उठवतं? तीनच्या आसपास त्याला उठवायचा प्रयत्न झाला, तोवर उशीर झाला होता.

फेब्रुवारीत शवचिकित्सेचा निष्कर्ष जाहीर झाला. त्यात सहा औषधांची नावं होती. ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही दोन अफूवर्गीय वेदनाशामकं. डायझेपॅम, टेमाझेपॅम आणि अल्प्राझोलॅम ही चिंता आणि निद्रानाश यांवरच्या एकाच कुळातली तीन औषधं. शिवाय डॉक्सिलामिन, जे तिकडे चिठ्ठीशिवाय मिळणारं झोपेचं औषध आहे. या सगळ्यांच्या एकत्रित परिणामानं मृत्यू, आणि तो अपघाती, असा तो निष्कर्ष होता. मृत्यूच्या दोन-अडीच महिने आधी एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत त्यानं सांगितलं होतं की त्याला रात्री जेमतेम दोन तास झोप लागते, शरीर थकलेलं असतं पण डोकं थांबत नाही. झोपेच्या गोळीनं डोळा लागला तरी तासाभरात जाग येते, असंही तो म्हणाला होता.

हे वाचताना मला हॉलिवूड आठवत नाही, आपल्या घरातली माणसं आठवतात. दुखतंय म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून दुखणं जास्त जाणवतं. माणूस दोन्हींवर औषध घेतो, आणि दोन्ही औषधं घेण्याची वेळ एकच असते, रात्री जेवणानंतर.

◆

श्वास आपण घेतो असं आपण म्हणतो, पण बहुतांश वेळ तो आपल्याकडून घेतला जातो. मेंदूच्या तळाशी, मणक्याकडे जाणाऱ्या देठात पेशींचा एक छोटासा पुंजका आहे, तो श्वासाचा ताल धरतो. १९९१ मध्ये संशोधकांनी त्याचं काम नेमकेपणानं दाखवून दिलं. या तालाला वेग देते ती मुख्यतः रक्तातली कार्बन डायऑक्साइड. श्वास रोखून धरला की काही वेळानं जी असह्य तगमग होते, ती बव्हंशी ऑक्सिजन संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. हीच शरीराची धोक्याची घंटा.

मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल ही अफूवर्गीय औषधं वेदनेचा निरोप जिथं मंद करतात, तिथल्यासारखीच ग्रहणकेंद्रं श्वासाच्या या यंत्रणेतही आहेत. त्यामुळे वेदनेबरोबर ही घंटाही बधिर होते. श्वास संथ होतो, उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढत जाते, आणि मेंदूला त्याचं काही वाटेनासं होतं.

झोपेच्या गोळ्यांचा मार्ग वेगळा. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, लोराझेपॅम, नायट्राझेपॅम, डायझेपॅम ही सगळी भावंडं, आणि झोल्पिडेम, झोपिक्लोन ही त्यांची चुलत भावंडं. मेंदूत 'गाबा' नावाचं एक रसायन आहे, पेशींना शांत बसवणारं. या गोळ्या त्याचा प्रभाव वाढवतात. डोकं शांत होतं, आणि स्नायूही सैलावतात. घशाचे स्नायू सैल पडले की जीभ मागे पडते, हवेची वाट अरुंद होते, आणि त्या अरुंद वाटेतून जाणारी हवा आवाज करते. ते घोरणं. एरवी वाट फारच अडली तर माणूस दचकून कूस बदलतो, क्षणभर जागा होतो, श्वास मोकळा होतो. झोपेची गोळी नेमकं हे जागं होणंच अवघड करते.

आता दोन्ही एकत्र कल्पून पाहा. एकानं श्वासाची ओढ कमी केली, दुसऱ्यानं वाट अरुंद केली, आणि ज्या जागेपणानं माणूस यातून सुटला असता तो दोघांनी मिळून दडपला. डॉक्टर सांगतात की हा परिणाम साध्या बेरजेपेक्षा मोठा असू शकतो. बाहेरून मात्र दिसतं ते इतकंच की माणूस गाढ झोपलाय.

मराठीत आपण 'जिवाला घोर लागला' असं काळजीसाठी म्हणतो. त्या रात्री आम्हाला उलट घोरण्यानंच निश्चिंत केलं होतं.

◆

या दोन्ही औषधांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट दिसते: दोघांनाही लोकांनी 'सुरक्षित' म्हणूनच घरात घेतलं. पन्नासच्या दशकापर्यंत झोपेसाठी बार्बिच्युरेट्स दिली जात. त्यांचा डोस थोडा चुकला तरी माणूस दगावे. मग हॉफमन-ला रोश कंपनीतल्या लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० मध्ये लिब्रियम आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम आलं. या नव्या गोळ्या एकट्या, जास्त प्रमाणात घेतल्या तरी निरोगी माणूस सहसा मरत नाही, हे लक्षात आलं आणि डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या निःश्वासात 'एकट्या' हा शब्द हरवला.

ट्रॅमाडॉलचंही तसंच. ते सत्तरच्या दशकात जर्मनीत बाजारात आलं, मॉर्फिनपेक्षा सौम्य म्हणून. आपल्याकडेही त्याच प्रतिमेनं रुजलं. मॉर्फिनचं नाव काढलं की घरातली माणसं हबकतात, 'म्हणजे आता शेवटचंच का?' असं विचारतात. ट्रॅमाडॉल मात्र 'जरा स्ट्राँग पेनकिलर' म्हणून सहज चालून जातं. त्याला अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं ते थेट एप्रिल २०१८ मध्ये. शिवाय शरीरात गेल्यावर यकृत त्याचं रूपांतर अधिक तीव्र द्रव्यात करतं, आणि हा वेग माणसागणिक वेगळा असतो. काहींच्या शरीरात ते फार झपाट्यानं होतं. मूत्रपिंड मंदावलेल्या म्हाताऱ्या माणसात औषध रेंगाळतं. म्हणजे तीच गोळी, तोच डोस, एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला झेपत नाही.

आणि सवयीबद्दलचा एक समज. आत्या म्हणायची, मला काय होणार, चौदा वर्षं घेत्ये. खरं आहे, झोपेच्या गोळीला तिचं शरीर सरावलं होतं. ट्रॅमाडॉलला सरावलं नव्हतं. एका औषधाची सवय दुसऱ्या औषधापासून संरक्षण देत नाही.

◆

अमेरिकेत या जोडीचा धोका आकड्यांत दिसायला लागला तेव्हा खूप माणसं गेली होती. २००४ ते २००९ या काळात अफूवर्गीय वेदनाशामकं घेतलेल्या सव्वाचार लाख माजी सैनिकांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. तो अभ्यास २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यातल्या सुमारे २७ टक्के सैनिकांना अल्प्राझोलॅमच्या कुळातली औषधंही मिळत होती. औषधांच्या अतिमात्रेनं जे सुमारे २,४०० जण मरण पावले, त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यूसमयी दोन्ही औषधं घेणाऱ्यांपैकी होते. २०१८ मध्ये आणखी एक अभ्यास आला. त्यात दोन्ही औषधं एकत्र सुरू केल्यावर पहिल्या ९० दिवसांत अतिमात्रेचा धोका पाचपट आढळला. पहिले दिवस सर्वांत नाजूक, हे त्यातलं महत्त्वाचं. आत्याची तिसरी रात्र मला इथं आठवते.

३१ ऑगस्ट २०१६ ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जवळजवळ ४०० औषधांच्या माहितीपत्रकात काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यांच्याकडचा हा सर्वांत कडक इशारा आहे: दोन्ही वर्गांतली औषधं एकत्र घेतल्यास अतिगुंगी, श्वास मंदावणं, कोमा आणि मृत्यू संभवतो. २०१९ च्या डिसेंबरात गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन या औषधांबद्दलही श्वासाचा इशारा निघाला, विशेषतः ती अफूवर्गीय औषधांबरोबर घेतली, किंवा माणूस वयस्कर असेल, फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर. आपल्याकडे याच औषधांना 'नसांची गोळी' म्हणतात. पाठदुखी, मधुमेहानं होणारी पायांची आग, मणक्याचा त्रास, सगळ्यासाठी ती दिली जाते, आणि तीही रात्रीच. आत्याच्या डब्यात तीही होती.

◆

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्यात अल्प्राझोलॅम आहे, डायझेपॅम, नायट्राझेपॅम, झोल्पिडेम आहे, ट्रॅमाडॉल आणि कोडीनही आहे. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा हवा, चिठ्ठीशिवाय विक्री नको, आणि दुकानदारानं डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षं जपून ठेवायची. या यादीकडे मी बराच वेळ पाहत बसलो. जी दोन औषधं एकत्र येता कामा नयेत, त्यांची नोंद कायद्यानं एकाच वहीत होते. पण त्या दोन ओळी एकमेकींशी बोलत नाहीत. वही ठेवली आहे ती विक्रीचा हिशोब लागावा म्हणून. आज ट्रॅमाडॉल नेणारी बाई दर महिन्याला अल्प्राझोलॅमही नेते, हे त्या वहीवरून कुणी पाहणं अपेक्षितच नाही. आणि दुकानं दोन असली तर ते दिसणारही नाही. अमेरिकेत राज्याराज्यांत अशा औषधांची संगणकीय नोंद आहे, चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरला ती बघता येते. आपल्याकडे ती नोंद म्हणजे घरातला स्टीलचा डबा.

त्या डब्यात काय असतं हेही नीट कळत नाही. कारण झोपेच्या गोळ्यांची ही भावंडं दुसऱ्या नावांनीही घरात येतात. पोटात मुरडा येतो, गॅस होतो म्हणून दिल्या जाणाऱ्या एका जुन्या जोडगोळीत क्लोरडायझेपॉक्साइड असतं. तेच ते १९६० चं लिब्रियम. घरात तिला 'पोटाची गोळी' म्हणतात. उदासीवरच्या एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपॅम एकाच गोळीत मिळतं. धडधडीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलबरोबर अल्प्राझोलॅम मिळतं. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, आणि त्याच्याच जोडीला गुंगी आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध. संध्याकाळी दोन पेग घेणारा माणूस तर आणखी एक गुंगीचं द्रव्य त्यात मिसळतो, आणि ते कुठल्याच चिठ्ठीवर नसतं. म्हणून स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं नाव पुरत नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचावे लागतात. चष्मा लावून, उजेडात.

ज्यांच्यासाठी हा धोका आणखी मोठा आहे अशी माणसंही आपल्या आसपास भरपूर आहेत. आधीच मोठ्यानं घोरणारी, झोपेत श्वास अडकणारी, जाड मानेची, दमेकरी आणि बिड्यांनी छाती खराब झालेली, साठी उलटलेली. यांना दुखणंही जास्त असतं आणि झोपही कमी.

◆

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर या लेखानं भलतंच नुकसान होईल. मॉर्फिन आणि त्याच्या कुळातली औषधं वाईट नाहीत. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिन न मिळणं हा क्रूरपणा आहे, आणि तो आपल्या देशात अनेक वर्षं घडला. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि याच देशातला रुग्ण १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकानं मॉर्फिनवाचून राहायचा. एकेका दवाखान्याला कितीतरी परवाने काढावे लागत. २०१४ च्या दुरुस्तीनं ते बरंचसं सोपं केलं. वेदनाशमनाच्या केंद्रांत तर शेवटच्या दिवसांतली घुसमट आणि अस्वस्थता कमी व्हावी म्हणून मॉर्फिनच्या जोडीला मिडाझोलॅमही देतात, म्हणजे नेमकी हीच जोडी. फरक इतकाच की तिथं देणाऱ्याला दोन्ही औषधं माहीत असतात, डोस हळूहळू वाढवलेला असतो, आणि कुणीतरी उशाशी बसलेलं असतं.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. हा लेख वाचून कुणी वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी उद्यापासून बंद करू नये. ती एकदम थांबवली तर हातपाय थरथरतात, झोप पूर्ण उडते, आणि काहींना आकडी येते; ती जीवघेणी असू शकते. वेदनाशामक एकदम तोडल्यानंही माणसं हालांत पडतात. अमेरिकेत इशाऱ्यांनंतर काही डॉक्टरांनी घाईनं औषधं बंद केली, आणि २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला त्याविरुद्धही सूचना काढावी लागली. गोळी कमी करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, आठवड्याआठवड्यानं, कधी महिन्यामहिन्यानं.

◆

त्या पहाटे वहिनीनं जे केलं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण बरोबर होतं. तिनं घोरण्याकडे कान दिला. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो. तो आठ-दहावर आला असेल, मध्ये लांब खंड पडत असतील, घशात घरघर असेल, ओठ किंवा नखं निळसर-करडी दिसत असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ती झोप नाही. मोठ्यानं हाक मारायची. खांदा हलवायचा. तरी जाग येत नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर मुठीचे सांधे जोरानं घासायचे. उठतच नसेल तर १०८. श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवायचं, म्हणजे जीभ आणि उलटी घशात अडकत नाही; श्वास थांबलाच तर फोनवरचा माणूस सांगेल तसं करायचं. तोंडात पाणी, कॉफी, लिंबू काहीही घालायचं नाही. आणि दवाखान्यात जाताना डबा उचलायचा, सगळाच्या सगळा.

डबा का, तर अफूवर्गीय औषधाचा परिणाम उतरवणारं नालोक्सोन नावाचं इंजेक्शन आहे. ते काही मिनिटांत काम करतं. पण ते झोपेच्या गोळीवर चालत नाही. आणि त्याचा असर तास-दीड तासात ओसरतो, काही वेदनाशामकं त्याहून जास्त टिकतात. म्हणून शुद्धीवर आलेला, बोलणारा माणूसही काही तास नजरेखाली ठेवावा लागतो. आत्या दुपारी बोलायला लागली तेव्हा आम्ही घरी न्यायची घाई करत होतो. त्या तरुण डॉक्टरनं ठामपणे नाही म्हटलं. त्याचे आभार मानायचे राहून गेले.

आता डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर वहिनीच्या अक्षरात सगळ्या गोळ्यांची नावं आहेत, घटकांसकट, पोटाच्या गोळीपासून झोपेच्या गोळीपर्यंत. कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती झाकणाचा फोटो नेते, आणि औषधाच्या दुकानातही तोच दाखवते. दुखण्यासाठी आत्याला आता साधं पॅरासिटामॉल पुरतं. अल्प्राझोलॅम कमी करायला आठ महिने लागले आहेत आणि अजून पाव गोळी उरली आहे. झोप पूर्वीसारखी लागत नाही. पहाटे तीनला तिला जाग येते, मग ती काठी टेकत स्वयंपाकघरात जाते आणि चहा टाकते. भांड्यांचा आवाज होतो. घरातलं कुणी तिला आता 'झोप गं' असं म्हणत नाही.